डाळिंबात भुंगेरे सोडलेत, करात काही सूट मिळते का?

माणदेशी_भगवा (आटपाडी)
राम राम मंडळी. दीड एकर भगवा जातीचं डाळिंब आहे, हस्त बहार (पावसाळा सरताना फुलवायचा) धरलाय. गेल्या वर्षी पिठ्या ढेकणानं जेरीस आणलं. देठापाशी कापसासारखा पुंजका, खाली चिकटा, त्यावर काळी बुरशी. व्यापाऱ्यानं निम्मा माल बाजूला काढला.

यंदा रासायनिक फवारणी बंद ठेवून क्रिप्टोलिमसचे, म्हणजे पिठ्या ढेकूण खाणारे भुंगेरे सोडले, एकरी सहाशे. आधी खोडांना ग्रीसचा पट्टा मारला, कारण चिकट्याच्या लोभानं मुंग्या ढेकणाची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात. बारा दिवसांनी फांदी उलटी करून बघतो तर पांढऱ्या झालरीचे किडे. ढेकूणच वाढला असं वाटून पोटात गोळा आला. बोटानं चिरडणार, तेवढ्यात किडा तुरुतुरु चालायला लागला. ढेकूण कुठला असा पळतोय! भुंगेऱ्याचीच अळी होती ती, अंगावर ढेकणासारखंच मेण. मग दिवस मावळेपर्यंत झाडंच बघत फिरलो.

आता प्रश्न. एका बैठकीत ऐकलं, नैसर्गिक कीड नियंत्रणाला करात सवलत आहे म्हणून. सातबारा माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर आहे. तो पुण्यात नोकरीला, दरवर्षी रिटर्न भरतो. यंदा भुंगेरे आणि जैविक औषधांवर 14,000 रुपये गेलेत. त्याच्या पगारातून वजा होतील का?

हिशेबनीस_सांगली
दादा, पगारातून नाही होणार. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे (1961 च्या कायद्यात कलम 10(1), 2025 च्या नव्या कायद्यात क्रमांक बदललेत, सूट कायम आहे). ज्या उत्पन्नावर करच नाही, त्याचा खर्च दुसऱ्या उत्पन्नातून काढता येत नाही. मात्र भावाच्या वाट्याचं निव्वळ शेती उत्पन्न 5,000 च्या वर गेलं, तर पगारावरच्या कराचा दर ठरवताना ते मिळवतात. तिथं हा खर्च दाखवला की निव्वळ आकडा घटतो. म्हणून पावत्या जपून ठेवा.

बैठकीतल्या माणसानं बहुतेक 1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 80जेजेए ऐकलं असेल. जैविक कचऱ्यापासून जैविक कीडनाशकं बनवणाऱ्या धंद्याला त्या नफ्यावर पाच वर्षं पूर्ण वजावट मिळते. ती बनवणाऱ्याला, वापरणाऱ्याला नव्हे.

तुमचा खरा कर जीएसटीत जातो. रासायनिक औषधावर 18 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पासून बारा ठरावीक जैविक कीडनाशकं 12 वरून 5 टक्क्यांवर आली: ट्रायकोडर्मा आणि बिव्हेरिया (उपयोगी बुरश्या), स्युडोमोनास आणि बीटी (उपयोगी जिवाणू), एनपीव्ही (अळ्या मारणारा विषाणू), निंबोळीवर आधारित औषधं वगैरे. तुम्ही नोंदणीकृत व्यापारी नाही, त्यामुळं भरलेला जीएसटी परत मिळत नाही.

जतची_शेतकरीण
भाऊ, आमच्या सीताफळात आम्ही निंबोळ्या गोळा करून पाच किलोचा अर्क शंभर लिटरला करतो, त्याला ना बिल ना कर. पण भुंगेरे बागेत असताना तोही मारू नका, लहान अळ्यांना बाधतो. आणि बांधापलीकडच्यांशी बोललात का? आमच्याकडं शेजारी कडक औषध मारत होते, वारा आमच्या बाजूचा. दोन दिवसांत भुंगेरा दिसायचा बंद झाला.

माणदेशी_भगवा (आटपाडी)
साहेब, ताई, मनापासून आभार. पावती काढून बघितली. 6 ऑक्टोबरची आहे आणि बिव्हेरियाला अजून 12 टक्केच लावलेत. उद्या दुकानात जाऊन दुरुस्त करून घेतो. व्हर्टिसिलियमला (तीही कीड मारणारी बुरशीच) 18 टक्के, तेवढे बरोबर दिसतात, कारण तुम्ही म्हणता त्या बारांत ते नाहीच. ढेकणावर आम्ही तेच तर मारतो! नेमकं तेच यादीबाहेर ठेवलं, याचं वाईट वाटतं.

ताईंचं ऐकून एक पटलं. सूट एकट्या माझ्या बिलावर देऊन पुरत नाही. माझा भुंगेरा बांध ओळखत नाही. शिवारातल्या दहा-बारा बागा मिळून फवारणी थांबवतील, त्या सगळ्यांना मिळून काही द्यावं, पहिल्या वर्षीचा तोटा भरून निघेल एवढं तरी. ग्रामसभेत हे मांडतो, लेखी अर्ज देतो. साहेब, मजकूर तपासून द्याल का?

पश्चिमेकडच्या बांधावरच्या काकांकडं आज सकाळीच गेलो होतो. त्यांना ती पळणारी अळी भिंगातून दाखवली. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, रविवारची फवारणी आठवडाभर पुढं ढकलतो.