मेकॉलेचं ते ‘भाषण’ खरं आहे का?

प्रश्न: ‘भारतभर फिरलो, एकही भिकारी दिसला नाही’ असं मेकॉले (भारतात इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणारा ब्रिटिश अधिकारी) २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत म्हणाला, हा मेल परत फिरतोय. खाली टक्केवारीही आहे. तपासायचं कसं?

उत्तर १: आधी तारीख धरा. १८३४च्या जूनपासून तो भारतात होता, मग त्या दिवशी लंडनमध्ये बोलेल कसा? त्या तारखेचं खरं आहे ते त्याचं शिक्षणावरचं टिपण. त्यात हे वाक्य शोधा, सापडणार नाही. (चांगल्या युरोपीय ग्रंथालयाची एक फळी भारत आणि अरबस्तानच्या साऱ्या साहित्याच्या तोडीची, असं त्यात लिहिलंय; तेच पुरेसं संतापजनक आहे, बनावट कशाला हवं?)

उत्तर २: टक्केवारीत छेद बघा: कशाचे टक्के? मग वर्ष, मूळ तक्ता. १चे २ झाले तरी ‘१०० टक्के वाढ’च! नुसतं ‘एका अहवालानुसार’ असेल तर आकडा सोडून द्या.