खिसे खाली सरकले: जाणकारांचा ब्रँड मिरवायची वस्तू कधी होतो?

कडेकपारी

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून धागा काढतोय.

मी बावीस वर्षं कडे चढतोय. त्यातली बारा वर्षं एकच वॉटरप्रूफ जॅकेट अंगावर आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. घेतलं तेव्हा ते नाव फक्त चढणाऱ्यांना ठाऊक होतं. दोराच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाच्या अंगावर ते दिसलं की न बोलताच थोडी ओळख पटायची. आता ते बसथांब्यावर दिसतं, विमानतळावर दिसतं, ऑफिसच्या लिफ्टमध्ये दिसतं. मागच्या महिन्यात लिफ्टमधल्या एका अनोळखी माणसाने माझ्या छातीवरच्या पुसट झालेल्या लोगोकडे बघून विचारलं, "ओरिजिनल आहे का हो?" राग नाही आला, पण वाईट वाटलं. ज्या घासण्याने तो लोगो पुसला गेला, त्यातली बरीचशी खडकाची होती.

लोकांनी घेऊ नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. पाऊस सगळ्यांवर पडतो. मला खटकलं ते वेगळंच. त्याच नावाचं नवं जॅकेट हातात घेऊन पाहिलं, तर खिसे कमरेवर! माझ्या जॅकेटचे खिसे छातीच्या दोन बाजूंना, वर आहेत. कारण चढताना कमरेला हार्नेस, म्हणजे दोर बांधायचा पट्टा असतो. खाली खिसा असला तर तो पट्ट्याखाली दबतो आणि त्यातली वस्तू काढता येत नाही. हूड हेल्मेटवरून येईल एवढा मोठा, मागची किनार हार्नेसमधून निसटू नये म्हणून लांब. प्रत्येक टाक्याला कारण होतं. रस्त्यावर उभं राहणाऱ्याला मात्र हात घालायला खिसा हवा असतो, आणि तो कमरेवरच हवा. खिसे चार बोटं खाली आले. जॅकेट कोणासाठी शिवलंय हे मला तिथे कळलं.

तसं हे जुनंच आहे म्हणा. माँक्लेर ही कंपनी १९५२ साली फ्रान्सच्या डोंगराळ भागात स्लीपिंग बॅग आणि तंबू बनवायला निघाली. १९५४ साली के२ शिखरावर पहिल्यांदा पोचलेल्या इटालियन मोहिमेला तिने कपडे दिले. आज तिची जॅकेटं फॅशन शोमध्ये असतात. नॉर्थ फेस १९६६ साली सुरू झाली ती गिर्यारोहणाचं सामान विकणारं दुकान म्हणून.

पण हे नेमकं कुठल्या क्षणी होतं? आणि झाल्यावर, ज्यांच्यासाठी वस्तू बनली त्यांच्या वाट्याला काय उरतं? तुमच्या तुमच्या क्षेत्रात काय पाहिलंत ते लिहा.

सरळरेघ

मला यात फारसं दुःख करण्यासारखं काही दिसत नाही. चांगली वस्तू चांगली म्हणून पसरली. तुम्ही आधी आलात एवढंच. नंतर येणाऱ्याने कडा चढूनच जॅकेट घालावं अशी अट कशी घालणार?

बॅलन्सव्हील

कडेकपारी, खिशाचं वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं.

मी घड्याळं दुरुस्त करते, तीस वर्षं होत आली. गेल्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात टेबलावर दोन रोलेक्स सबमरीनर आली, दोन्ही एकाच मॉडेलची. पहिलं समुद्रात काम करणाऱ्या एका पाणबुड्याचं. केसच्या कडा झिजून गोल झालेल्या, चावीचे आटे गुळगुळीत, बेझलखाली (काचेभोवतीच्या फिरत्या कड्याखाली) मिठाचा पांढरा थर. पण बेझल लोण्यासारखं फिरत होतं, कारण तो ते रोज फिरवायचा. दुसरं चकचकीत. पट्ट्याच्या क्लास्पवर मात्र बारीक रेघांचं जाळं, टेबलावर मनगट टेकून बसल्यावर पडतं तसं. त्याचं बेझल जागचं हलेना. साबणाचा वाळलेला मळ आणि शर्टाच्या कफाचे निळे तंतू खाचेत घट्ट बसले होते. आत पाहिलं तर गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारं रबर, कोरंकरकरीत. ३०० मीटर खोल पाण्यात टिकणारं घड्याळ कधी तळ्यातही उतरलं नव्हतं.

ते बेझल म्हणजे १९५३ सालच्या सबमरीनरचा जीव. पाण्यात उतरताना त्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, मग किती मिनिटं झाली ते एका नजरेत कळतं. आजच्या बेझलवर पहिल्या १५ मिनिटांना एकेका मिनिटाची रेघ आहे, पुढे नाही. ती रेघ कशासाठी हे दुसऱ्या घड्याळाच्या मालकाला मी विचारलं. ते फार सज्जन गृहस्थ आहेत, वडिलांच्या आठवणीसारखं ते घड्याळ जपतात. म्हणाले, "डिझाइन असेल."

तुमच्या "कुठल्या क्षणी" ला माझ्या धंद्यात तारीख आहे: २५ डिसेंबर १९६९. त्या दिवशी सेइको या जपानी कंपनीने अॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारं मनगटी घड्याळ विक्रीला काढलं. महिन्याला पाच सेकंद इकडेतिकडे. उत्तम स्विस यांत्रिक घड्याळाला क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकतेचं प्रमाणपत्र मिळतं ते दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांच्या आत राहिलं तर. म्हणजे जे काम करण्यासाठी ते जन्मलं, त्यात ते हरलं. पुढे पाणबुड्यांच्या मनगटावर खोली आणि वेळ दाखवणारे डाइव्ह कॉम्प्युटर आले आणि बेझलचंही काम गेलं. त्यानंतर यांत्रिक घड्याळ घेण्याचं कारण "वेळ कळावी" हे राहिलंच नाही. कारण दुसरं शोधावं लागलं, आणि ते कंपन्यांना सापडलं.

पण सगळं त्यानंतरच सुरू झालं असं म्हणणं अन्यायाचं होईल. रोलेक्सने १९२६ साली पाणी आत न जाणारी ऑयस्टर केस काढली आणि १९२७ साली मर्सिडीज ग्लाइट्झ या जलतरणपटूच्या गळ्यात ते घड्याळ घालून तिला इंग्लिश खाडीत उतरवलं. थंडीने ती पोहून पार जाऊ शकली नाही, घड्याळ मात्र चालत राहिलं, आणि वर्तमानपत्रात पानभर जाहिरात झळकली. खरी कामगिरी करणाऱ्या माणसाची सावली विकायची, ही युक्ती पहिल्यापासूनच होती. तेव्हा फरक एवढाच की सावलीसोबत कामही मिळायचं.

रोलेक्सच्याच डेटोनाचं उदाहरण तर मला फार लागतं. १९६३ साली मोटार शर्यतींसाठी काढलेलं घड्याळ, सुरुवातीला दुकानात पडून राहायचं. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन स्वतः शर्यतीत गाडी चालवायचा, १९७९ साली ल माँच्या शर्यतीत त्याच्या गाडीचा दुसरा नंबर आला. त्याच्या बायकोने त्याला डेटोना दिलं, मागे कोरून घेतलं होतं: गाडी जपून चालव, मी. शर्यतीला जाणाऱ्या नवऱ्याची काळजी, त्या एवढ्याशा पोलादावर. २०१७ साली ते घड्याळ लिलावात एक कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. आता त्या धाटणीच्या डायलला न्यूमनचंच नाव पडलंय, आणि शर्यतीत घालायचा विचारही कोणाच्या मनात येत नाही.

तिसरा_गिअर

बॅलन्सव्हीलताई, सुंदर लिहिलंत. पण दुसरी बाजू मांडतो, कारण मी या बाबतीत एकदा चुकलोय.

मी पोर्शेवेडा माणूस. २००२ साली केयेन आली तेव्हा मनापासून शिव्या घातल्या होत्या. ९११ सारखी वेगवान स्पोर्ट्स कार बनवणारी कंपनी मुलांना शाळेत सोडायची उंच गाडी काढते, संपलं सगळं! पण हिशोब असा की १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कंपनी बुडायच्या बेतात होती. १९९६ च्या बॉक्स्टर या गाडीने तिला सावरलं आणि केयेनने भक्कम केलं. माझ्यासारख्यांच्या निष्ठेवर ९११ जगली नसती. आम्ही पोस्टर लावत होतो, गाडी दुसरेच घेत होते. नंतर येणाऱ्यांचा पैसा आधी आलेल्यांची वस्तू जिवंत ठेवतो, हेही खरं आहे.

आता तुमच्या मुद्द्याला धरून एक. २०१३ ची ९११ जीटी३ फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर आली, हाताने टाकायचा गिअरच नाही. कंपनीचं कारण चोख होतं: ती जास्त वेगाने फेरी मारते. तरी आम्ही लोकांनी एवढी ओरड केली की २०१६ साली ९११ आर आली, मॅन्युअल, फक्त ९९१ गाड्या. त्या हातोहात चढ्या भावाने फिरू लागल्या, म्हणजे चालवणाऱ्यांसाठी काढलेली गाडी झाकून ठेवणाऱ्यांकडे गेली. पण पुढच्या वर्षी साध्या जीटी३ मध्येही मॅन्युअलचा पर्याय परत आला. मागणीचा आवाज पोचला. मला त्या बातमीचा झालेला आनंद अजून आठवतो.

कडेकपारी

@तिसरा_गिअर, हे पटलं. @सरळरेघ, अट नाहीच घालायची, खिसा तेवढा वर ठेवा म्हणतोय.

ताई, तुमच्या तारखेवर मात्र एक शंका. घड्याळाचं काम दुसऱ्याने काढून घेतलं. माझ्या जॅकेटचं काम कोणी काढून घेतलेलं नाही. वादळात आजही तेच लागतं. मग ते का मिरवायला लागलं?

बॅलन्सव्हील

बरोबर पकडलंत. मग घालणाऱ्याकडून बघू. बसथांब्यावरच्या माणसाला हेल्मेटवरून येणारा हूड लागतो का? दुसऱ्या घड्याळवाल्याला ३०० मीटर लागतात का? वस्तूत जे आहे आणि आपल्या दिवसाला जे लागतं, त्यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच मिरवता येतं. पुरेपूर वापरलेल्या वस्तूत मिरवायला काही शिल्लकच राहत नाही. म्हणून त्या पाणबुड्याचं घड्याळ बघून कोणाला वाटलं नाही की हा श्रीमंत आहे.

म्हणजे माझी तारीख एका वाटेची झाली. तुमच्या जॅकेटची वाट दुसरी: काम शाबूत आहे, पण ते काम नसलेले लोक संख्येने कितीतरी जास्त झाले, आणि शिवणाऱ्याने त्यांचं माप घेतलं.

जुनी_लेन्स

उशिरा आलो. कॅमेऱ्यात दोन्ही वाटा एकत्र दिसतात. लायका १९२५ साली बाजारात आला तो खिशात मावणारा कॅमेरा म्हणून, त्यांचाच १९५४ चा एम३ वार्ताहरांच्या हातात होता. मग १९५९ साली निकॉन एफ आला आणि हळूहळू बातमीची कामं लेन्समधूनच बघता येणाऱ्या एसएलआरकडे गेली. ताईंचं अॅस्ट्रॉन आमच्याकडे दहा वर्षं आधी आलं म्हणा ना.

मी माझ्या लायका एम६ च्या पुढच्या लाल ठिपक्यावर, म्हणजे कंपनीच्या लोगोवर, काळी टेप लावायचो. रस्त्यावर फोटो काढताना समोरच्याची नजर आधी ठिपक्याकडे जायची, मग माझ्याकडे, आणि तेवढ्यात चेहरा बदललेला असायचा. पुष्कळ जण लावायचे. टेपचा डिंक उन्हात वितळून बोटांना लागायचा, मी दर दोन-तीन महिन्यांनी स्पिरिटने पुसून नवी लावायचो. २०११ साली कंपनीने एम९-पी काढला: पुढे ठिपका नाही, मागच्या पडद्यावर सफायरची काच, आणि किंमत एम९ पेक्षा जास्त. आमच्या कामाच्या गरजेतून आलेली टेप आता ठिपका नसण्याची ऐट झाली. बघणाऱ्यांत जे जाणकार, त्यांना ठिपका नसलेलाच आधी ओळखू येतो.

तरीही मी या कंपनीवर रुसलो नाही, आणि कारण सांगतो. २००२ साली थांबवलेला एम६ त्यांनी २०२२ साली परत बनवायला घेतला. फिल्मचा, हाताने पुढे ओढायचा. माझ्या जुन्या एम६ चं शटर अडकलं तेव्हा तो उघडणारा आणि सुटा भाग मिळवणारा माणूस सापडला. कडेकपारी, "वाट्याला काय उरतं" याचं माझं उत्तर हे आहे: सुटा भाग मिळतो का, आणि जी वस्तू फक्त काम करणाऱ्याच्याच उपयोगाची आहे ती अजून कुठल्यातरी पानावर आहे का, एवढं बघा. लिफ्टमध्ये कोण काय घालतंय ते बघू नका.

कडेकपारी

जुनी_लेन्स, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री त्या कंपनीची सगळी यादी काढून बसलो. पहिले बरेच पडदे कमरेवर खिसे असलेल्या जॅकेटचेच. शहरात उभी असलेली माणसं, हात खिशात. खूप खाली, "चढाई" या भागात माझं जॅकेट सापडलं. नाव बदललंय, कापड बदललंय. फोटो मोठा करून पाहिला: खिसे वर आहेत. मागची किनारही लांब आहे.

मग धीर करून दुरुस्ती विभागाला लिहिलं. माझी पुढची चेन वर्षभर अर्ध्यावर अडकते, खाली दोन दात गेलेत. आज उत्तर आलं, जॅकेट धुऊन पाठवा, चेन बदलून देऊ. लोगोचं काही करायचं का असंही विचारलंय. तो आहे तसा राहू द्या असं कळवलं.