एअरलाइनचा शेअर 'सेक्टरपेक्षा स्वस्त' दिसून राहिला, हे खरं मानायचं का?

मनीषनगरचा मास्तर

नमस्कार मंडळी. मी इथं वाचतो रोज, लिहितो कमी, पण आता प्रश्न आईच्या पैशाचा आहे म्हणून लिहून राहिलो. आईची ३ लाखाची एफडी मागच्या महिन्यात मॅच्युअर झाली आणि मामा म्हणे पुन्हा बँकेत कशाला टाकता, इंडिगोचे शेअर घ्या, देशातले दहातले सहा लोक त्याच कंपनीच्या विमानात बसतात. आमच्या गच्चीवरून नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरणारी विमानं दिसतात, संध्याकाळी आई तुळशीपाशी दिवा लावते त्या वेळेला एक निळ्या शेपटीचं हमखास जाते, त्यामुळे तिलाही तो शेअर ओळखीतला वाटून राहिला.

मी शाळेत फिजिक्स शिकवतो, आकडेमोडीची भीती नाही, पण शेअरबाजारातलं मला कमी समजते. माझ्या अॅपवर कंपनीचा पी/ई (शेअरचा भाव भागिले एका शेअरमागचा वर्षाचा नफा) दाखवते आणि त्याच्या बाजूला 'सेक्टर पी/ई' म्हणून दुसरा आकडा, कंपनीचा आकडा सेक्टरच्या खाली आहे आणि खाली हिरव्या अक्षरात 'सेक्टरच्या तुलनेत आकर्षक' असं लिहून येते. हे एवढंच पाहून घ्यायचं असते का? आणखी काय पाहायचं? कोणी नीट समजावून सांगाल तर उपकार होतील, आईला मला स्वतःला पटलेलं सांगायचं आहे.

इतवारीवाला भाऊ

मास्तर, मी एकच सांगतो. एका विमान कंपनीचे शेअर माझ्याकडे होते, आता ती कंपनी उडत नाही. लोकं लाइनीत उभे राहून तिकीट काढत होते, विमानं भरून जात होती, मला वाटे इतकी गर्दी म्हणजे धंदा जोरात. दुकानाच्या गल्ल्यातून काढून काढून दोन वर्षं घेत गेलो. विमान भरलेलं असणं आणि कंपनीच्या हातात पैसा उरणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला फार उशिरा कळलं. बाकी आकड्यांचं इथले जाणकार सांगतील, पण आईचा सगळा पैसा एका शेअरमध्ये नका टाकू बाप्पा.

जुना ऑडिटर, धरमपेठ

मास्तर, आधी त्या 'सेक्टर' शब्दावरच थांबू. कळमन्याला संत्र्याचा भाव काढायचा तर आपण बाजूच्या दुसऱ्या संत्र्याच्या ढिगाशी लावतो, मिरचीच्या पोत्याशी नाही लावत. पी/ईची तुलना कामाची तेव्हाच असते जेव्हा सारख्या धंद्याच्या चार-पाच कंपन्या रांगेत उभ्या असतात, जसं आयटीत टीसीएस, इन्फोसिस, विप्रो, एचसीएल आहेत. विमानात आपल्या बाजारात ती रांगच नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तिचं लिक्विडेशन, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळायला, सांगितलं. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. एअर इंडिया जानेवारी २०२२ पासून टाटांकडे आहे पण शेअरबाजारात लिस्टेड नाही, विस्तारा तिच्यातच मिसळली, अकासाही लिस्टेड नाही. उरली स्पाईसजेट, तिचं नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा करून उरते ते) कित्येक वर्षं मायनसमध्ये होतं, ३,००० कोटी उभे केल्यावर मार्च २०२५ ला कुठे वर आलं.

मग अॅप 'सेक्टर' कशाचा काढते? हेलिकॉप्टर चालवणाऱ्या छोट्या कंपन्या, चार्टरवाले, काही ठिकाणी एअरपोर्टवालेसुद्धा एकाच डब्यात टाकतात आणि सरासरी काढतात. त्यातल्या एखाद्या कंपनीचा नफा वर्षभरात चिल्लर झाला की तिचा पी/ई २००-३०० दिसतो आणि सगळी सरासरी वर खेचल्या जाते. त्या आकड्यापेक्षा इंडिगो खाली आहे याला काहीच अर्थ नाही, तो हिरवा शेरा तुम्ही डोक्यातून काढूनच टाका.

आता मोठी गोष्ट. पी/ईमधला 'ई', म्हणजे नफा, कोणत्या वर्षाचा? हिशोबाला सोपं म्हणून भाव ५,००० धरू, शेअर साधारण ३८.६ कोटी आहेत. आर्थिक वर्ष २०२४-२५ चा नफा ७,२५८ कोटी, म्हणजे एका शेअरमागे अंदाजे १८८ रुपये, पी/ई आला २६-२७. बरा वाटते. आता मागची पाच वर्षं एकाखाली एक मांडा:

२०२०-२१: तोटा ५,८०६ कोटी
२०२१-२२: तोटा ६,१६२ कोटी
२०२२-२३: तोटा साधारण ३०६ कोटी
२०२३-२४: नफा ८,१७२ कोटी
२०२४-२५: नफा ७,२५८ कोटी

सगळं मिळून पाच वर्षांत उरले ३,१५६ कोटी, सरासरी ६३१ कोटी वर्षाला, शेअरमागे १६ रुपये आणि काही पैसे. त्याच ५,००० च्या भावाला पी/ई झाला ३०० च्या वर. कंपनी तीच, भाव तोच, फक्त तुम्ही किती वर्षांचा नफा धरता त्यावर २७ चे ३०० होतात. ३०० हाच खरा असं मी म्हणत नाही, पण २७ हा आकडा फक्त चांगल्या वर्षाचा आहे एवढं ध्यानात घ्या. चढ-उताराच्या धंद्यात पी/ई सगळ्यात स्वस्त दिसतो तो बरेचदा नफा शिखरावर असताना, अन् लोक नेमके तेव्हाच फसतात.

पी/बीच्या, म्हणजे भाव भागिले एका शेअरमागचं नेटवर्थ याच्या, नादाला तर लागूच नका. कोविडच्या तोट्यानं कंपनीचं नेटवर्थ खाऊन टाकलं होतं, मार्च २०२३ ला ते मायनसमध्ये होतं, मार्च २०२४ ला जेमतेम २,००० कोटीच्या आसपास आलं. भागणारा आकडा इतका लहान असल्यावर भागाकार काहीच्या बाही येते, हे फिजिक्सवाल्याला सांगायला नको.

वर्धा रोड एसआयपी

ऑडिटर साहेब, तुमचा आदर आहे पण कोविडची दोन वर्षं धरून सरासरी काढणं मला पटत नाही. सरकारनंच विमानं बंद ठेवली होती, तशी वेळ शंभर वर्षांत एकदा येते. हाच शेअर नोव्हेंबर २०१५ मध्ये पहिल्यांदा बाजारात आला तो ७६५ ला, ज्यांनी धरून ठेवला त्यांचे ५,००० ला साडेसहा पट झाले, कोविड धरूनही. कंपनीचं चालवणं पहा ना, बहुतेक विमानं एकाच घराण्यातली म्हणून पायलट, मेकॅनिक, स्पेअर पार्ट सगळं एकाच्या जागी दुसरं चालते, विमान उतरलं की अर्ध्या तासात पुन्हा उडते. जून २०२३ मध्ये एकदम ५०० विमानांची ऑर्डर दिली. २०२४ मध्ये देशांतर्गत प्रवासी १६ कोटीच्या वर गेले, आणि १४० कोटींच्या देशात हा आकडा अजून कितीतरी वाढणार आहे. समोर खरा स्पर्धक एकच उरला, टाटा. अमेरिकेतल्या मोठ्या एअरलाइन ८-१० च्या पी/ईला मिळतात म्हणून आपली महाग असं काही लोक म्हणतात, पण तिकडं वाढ थांबली आहे, आपल्याकडं आता कुठे सुरू झाली. वाढीला थोडा जास्त भाव द्यावाच लागते.

हँगरवाला, मिहान

मी मिहानमध्ये विमानाच्या मेंटेनन्समध्ये आहे, कोणत्या हँगरला ते नाही सांगत. शेअरचं मला फार नाही समजत, पण ताळेबंदातल्या आकड्याच्या मागं काय उभं असते ते रोज पाहून राहिलो म्हणून लिहितो.

२०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या जीटीएफ इंजिनात धातूच्या पावडरचा दोष निघाला, त्याचे काही भाग वेळेआधीच काढून तपासणं भाग पडलं, आणि जगभर शॉपमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या कारखान्यात, इंजिनांची रांग लागली. गो फर्स्टनं बंद पडताना हीच इंजिनं कारण म्हणून सांगितली होती. इंडिगोची एका वेळी सत्तरच्या वर विमानं उभी होती. उभं विमान म्हणजे काय ते जवळून पाहाल तर कळेल. इंजिनाच्या तोंडाला लाल कव्हर, बाहेरच्या सगळ्या नळ्या-छिद्रांना पट्ट्या चिकटवलेल्या, 'उड्डाणाआधी काढा' लिहिलेल्या लाल फिती लोंबत असतात. टायर एकाच जागी दबून चपटे होऊ नयेत म्हणून ठरलेल्या दिवसांनी चाकं फिरवावी लागतात. आपल्या मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत पंखाच्या पत्र्याला हात लागला तर चटका बसते, तरी आतून ओल धरली का, कुठे पक्ष्यानं घरटं केलं का, हे सगळं पाहणं आलंच. एका रुपयाची कमाई नाही आणि माणसं रोज लागतात. अन् वरून भाडं चालूच! विमान बहुतेक लीजवर असते, ते उडो न उडो, महिन्याचं भाडं डॉलरमध्ये द्यावंच लागते. इंजिनवाल्याकडून भरपाई मिळते काही, पण त्या जागी दुसरं विमान भाड्यानं आणून मार्ग चालू ठेवायचा म्हणजे त्याचा खर्च वेगळा.

म्हणून 'ताफ्यात चारशे विमानं' असा आकडा पाहिला की मला पहिला प्रश्न पडते, त्यातली उडून किती राहिली? शेअर घेणाऱ्यानंही हे विचारावं असं मला मनापासून वाटते.

जुना ऑडिटर, धरमपेठ

हँगरवाले भाऊ, तुम्ही नेमकं माझं अर्धं काम केलं, लीजवरच मला यायचं होतं. पण आधी एसआयपी साहेबांना उत्तर. कोविड काढून टाका, मान्य. मग कोविडच्या आधीची दोनच वर्षं पहा: २०१७-१८ मध्ये नफा २,२४२ कोटी आणि २०१८-१९ मध्ये १५७ कोटी. त्या दुसऱ्या वर्षात ना महामारी ना लॉकडाऊन, विमानं भरून जात होती. कच्चं तेल ८० डॉलरच्या वर गेलं, रुपया ७४ च्या पलीकडं घसरला, आणि स्पर्धेमुळे तिकीट वाढवता आलं नाही, बस. विमानाचं इंधन खर्चातला साधारण तिसरा हिस्सा खाते, ते जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. वर्षाच्या मध्ये तेल भडकलं तर महिनाभर आधी विकलेल्या तिकिटावर कंपनी एक रुपयाही वाढवू शकत नाही.

आता लीज. एप्रिल २०१९ पासून नवीन हिशोबी नियम आला, त्यानं भाड्याच्या विमानांची पुढच्या वर्षांची देणी ताळेबंदात कर्जासारखी दाखवावी लागतात. मार्च २०२५ ला ते धरून एकूण कर्ज साधारण ६६,८०० कोटी होतं, समोर रोकड ४८,००० कोटीच्या आसपास, त्यातली काही अडकलेली. म्हणून एअरलाइनला एकटा पी/ई लावत नाहीत. बाजारमूल्यात हे कर्ज मिळवायचं, मोकळी रोकड वजा करायची, आणि ती बेरीज व्याज, कर, घसारा आणि भाडं हे सगळं द्यायच्या आधीच्या कमाईनं भागायची. ज्या कंपनीनं विमान विकत घेतलं आणि जिनं भाड्यानं घेतलं त्या दोघी यात एका रेषेत येतात. परदेशातल्या एअरलाइनशी लावायचं असेल तर ह्याच मापानं लावा, तिकडचा ८ चा पी/ई आणि इकडचा २७ नुसते शेजारी ठेवून काही कळत नाही.

आणि हे देणं डॉलरमध्ये असते. समजा त्यातलं ५०,००० कोटी डॉलरचं धरलं आणि तिमाहीत रुपया २ टक्के पडला, तर कागदावर सरळ १,००० कोटींचा तोटा, एक प्रवासी कमी न होता. सप्टेंबर २०२५ च्या तिमाहीत असंच झालं, २,५८२ कोटींचा तोटा दाखवला, आणि चलनाचा परिणाम बाजूला केला तर थोडासा नफाच होता. तो तोटा पाहून घाबरून विकणारेही चुकले आणि हा नुसता कागदी आहे म्हणून सोडून देणारेही चुकले, कारण भाडं शेवटी त्याच महाग डॉलरनं भरायचं असते.

एसआयपी साहेबांचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, कंपनी चांगली चालवलेली आहे, इतके लोक बुडाले त्या धंद्यात ही टिकली. पण देशातल्या प्रवाशांत साठ टक्क्यांच्या वर हिस्सा असणं ही दुधारी गोष्ट आहे. नोव्हेंबर २०२५ पासून पायलटच्या ड्युटीचे नवे नियम पूर्ण लागले तेव्हा कंपनीची तयारी कमी पडली, डिसेंबरमध्ये हजारो फेऱ्या रद्द झाल्या आणि सरकारनं वेळापत्रकात १० टक्के कपात करायला लावली. एवढ्या मोठ्या कंपनीची अडचण म्हणजे देशाची अडचण होते, मग तिकिटाच्या दरावरही सरकारची नजर येते, त्या वेळी भाड्याला कमाल मर्यादा लागलीच ना. मक्तेदारी आहे म्हणून मनासारखा दर लावेल असं धरून जो भाव देईल त्यानं हे आधी तोलावं.

मनीषनगरचा मास्तर

सगळ्यांचे खूप आभार, मी काल रात्री वहीत पाच वर्षांचा तक्ता काढून आईला दाखवला. ती म्हणाली, "दोन वर्षं कमावते आणि तीन वर्षं घालवते, मग एफडी काय वाईट होती?" मला तिला खोडता आलं नाही. तिचे ३ लाख परत एफडीत जातील असं ठरलं. मामाला अजून पटलं नाही, रविवारी तर्री पोहे खायला येऊन राहिले तेव्हा वही पुढे ठेवणार आहे.

माझ्या स्वतःच्या पगारातून मात्र चार-पाच शेअर घेऊन धंदा शिकावा असं मनात आहे, तेही एखाद्या वाईट तिमाहीनंतर, रुपया आणि तेल दोन्ही विरोधात असताना भाव कसा वागते ते पाहून. हँगरवाले भाऊ, एक विचारायचं राहिलं. विमानं उभी राहण्याचा, दुरुस्तीचा हा खर्च निकालात कुठे दिसते? मी तिमाही निकालाची पीडीएफ उघडली आहे पण ओळ सापडून नाही राहिली.

हँगरवाला, मिहान

खर्चाच्या यादीत इंधनाच्या खाली पहा, 'सप्लिमेंटरी रेंटल्स अँड एअरक्राफ्ट रिपेअर अँड मेंटेनन्स' अशी लांबलचक ओळ आहे. मागच्या आठ तिमाहीचे आकडे एकाखाली एक लिहा आणि बाजूला त्या तिमाहीत किती सीट-किलोमीटर (सीटची संख्या गुणिले उडालेलं अंतर, हीच क्षमता) उडवले ते लिहून भागा, तेही निकालातच असते. ओळीतला खर्च क्षमतेपेक्षा वेगानं वाढत असेल तर समजा इंजिनं शॉपमध्ये आहेत किंवा विमानं म्हातारी होऊन राहिली. तक्ता झाला की इथं टाका, मी पाहतो.