मदत हवी आहे: पावसात कोल्हापूर-बेळगाव-गोवा टूर, वाद्यं कशी न्यायची?

मंडळी, जरा मदत हवीये. पुण्यात आमचा चौघांचा छोटा बँड आहे, स्वतःचीच मराठी गाणी वाजवतो, आणि जुलैच्या शेवटी कोल्हापूर, बेळगाव आणि मग चोर्ला घाटातून गोवा असे 4 दिवसांत 3 गिग्ज ठरलेत. मागे बेंगळुरूला गेलो ते साधारण 840 किमी एका दमात, रात्रभर गाडी हाणत, साउंडचेकला ड्रमर बसल्या बसल्या झोपला, म्हणून यावेळी टप्पे छोटे ठेवलेत.

प्रश्न सामानाचा आहे. अर्टिगात आम्ही चौघं, ड्रायव्हर, 2 गिटार, बेस, अँप आणि पेडलबोर्ड (गिटारच्या इफेक्ट्सचे पेडल लावलेली पाटी) एवढं घातलं की ड्रम्स मावतच नाहीत. ड्रमकिट जागेवर मिळालं तर फक्त स्नेअर (छोटा मुख्य ड्रम), सिंबल्स (झांजा), किक पेडल न्यायचं, पण एका ठिकाणी 'ड्रम आहे' म्हणाले आणि फोटोत फ्लोअर टॉमच (पायांवर उभा राहणारा मोठा ड्रम) गायब! कॅरिअरवर ताडपत्रीखाली टाकावं तर घाटातला पाऊस माहितीये ना, गेल्या पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकूनसुद्धा माझ्या अकूस्टिक गिटारचा ब्रिज (तारा अडकवायची चिकटवलेली पट्टी) उचलला गेला.

तर पावसात कोणी चोर्ल्यातून असं सामान नेलंय का, की आंबोलीमार्गे बरं पडेल? आणि कोल्हापूर-बेळगावात ड्रमकिट भाड्याने मिळतं का? पैसे गेटच्या तिकिटांतूनच येणार, डिझेल निघालं तरी खूप, त्यामुळे टेम्पो ट्रॅव्हलर सुचवू नका प्लीज. तांबड्या-पांढऱ्याचं बजेट मात्र वेगळं काढलंय.