श्रीलंकेत स्वतःच्या आखणीने पक्षीनिरीक्षण : फेब्रुवारीतले दहा दिवस कसे वाटावेत?

धंतोलीकर
नमस्कार. आम्ही तीन मित्र नागपूरजवळच्या गोरेवाडा, अंबाझरी, उमरेड-कऱ्हांडला आणि पेंच या परिसरात नियमित पक्षीनिरीक्षण करतो. येत्या फेब्रुवारीत कोणत्याही सहल कंपनीबरोबर न जाता, स्वतः आखणी करून श्रीलंकेचे वर्षावन पाहण्याचा आमचा विचार आहे. प्रवासाचे दिवस सोडून दहा दिवस हाताशी आहेत. कितुलगला, सिंहराजा, नुवारा एलिया, हॉर्टन प्लेन्स, उडावालावे, बुंदाला आणि याला राष्ट्रीय उद्यान अशी यादी तयार झाली आहे. ही सर्व ठिकाणे दहा दिवसांत नीट पाहून होतील का? वाटाड्या कोठे आवश्यक आहे? शिवाय, आपल्याकडच्या सागाच्या विरळ जंगलात तयार झालेली नजर त्या दाट अरण्यात कितपत उपयोगी पडेल, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रानवाटा
आपण महिना उत्तम निवडला आहे. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य भागात जानेवारी ते मार्च हा त्यातल्या त्यात कोरडा काळ असतो आणि उत्तरेकडून आलेले हिवाळी पाहुणेही तोवर तेथेच असतात. यादी मात्र निम्म्यावर आणावी, असे मी आग्रहाने सांगेन. नकाशावर अंतरे लहान दिसतात, पण डोंगरातल्या शंभर किलोमीटरांना सहज तीन-चार तास लागतात. पक्षी सर्वाधिक हालचाल करतात ते पहाटेपासूनचे तीन तास, आणि रोज मुक्काम हलवला की नेमके तेच तास गाडीत जातात.

माझ्या मते चार दिवस सिंहराजाला द्यावेत. १९८८ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेले हे अरण्य एका दिवसात हाती लागत नाही, कारण तेथील पक्षी जंगलभर सारखे पसरलेले नसतात. नारिंगी चोचीचे सातभाई आणि तुरेवाला कोतवाल यांच्या पुढाकाराने अनेक जातींचे पक्षी एकत्र थवा करून चरत फिरतात. थवा येईपर्यंत वाट अगदी सुनी असते. तो आला की काही मिनिटांत तांबड्या तोंडाचा मलकोहा, मलबार ट्रोगन, क्वचित ब्लू मॅगपायसुद्धा डोक्यावरून निघून जातो. पेंचमध्ये फेब्रुवारीत पानगळ सुरू झालेली असते आणि पक्षी फांदीवर उघडा दिसतो. तेथे हिरवे छत उंच आणि दाट असल्याने आधी कानांवर विसंबावे लागते. म्हणून निघण्यापूर्वी महिनाभर तेथील आवाज ऐकून ठेवावेत. मर्लिन या पक्षी ओळखण्याच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये त्या प्रदेशाचा संच आधीच उतरवून घेतला की नेटवर्क नसतानाही तो वापरता येतो.

वाटाड्याविषयी : सिंहराजात वनविभागाचा मार्गदर्शक सोबत घ्यावाच लागतो, आणि ते हिताचेच आहे. सेरेंडिब पिंगळा या घुबडाचा केवळ आवाज १९९५ मध्ये कितुलगलाजवळ ऐकू आला होता, प्रत्यक्ष दर्शन २००१ मध्ये घडले आणि शास्त्रीय वर्णन २००४ मध्ये झाले. दिवसा झुडपांत निजलेला असा पक्षी रोज रानात वावरणारा माणूसच दाखवू शकतो. बाकी ठिकाणी चालकासह गाडी पुरेशी आहे.

आर्द्रा_नागपूर
वरील सल्ला मोलाचा आहे. त्याला उंचीची बाजू जोडते. श्रीलंकेतल्या प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त तेथेच आढळणाऱ्या, पक्ष्यांपैकी काही केवळ थंड डोंगरात भेटतात, त्यामुळे सिंहराजात दिवस वाढवून ते यादीत येणार नाहीत. पिवळ्या कानांचा बुलबुल आणि तेथील शीळकरी कस्तूर यांच्यासाठी नुवारा एलियाला तीन रात्री ठेवाव्यात. गावातल्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये काश्मिरी माशीमार आणि पाइड थ्रश हिवाळा काढतात. हे दोन्ही पक्षी हिमालयातून येतात आणि एका साध्या शहरी बागेत पाहता येतात, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हॉर्टन प्लेन्स दोन हजार मीटरच्या वर असल्याने पहाटे बोचरी थंडी असते. स्वेटर अवश्य न्यावा.

याला राष्ट्रीय उद्यान आणि उडावालावे वगळावे, कारण कोरड्या प्रदेशातले बरेचसे पक्षी आपण विदर्भात पाहतच असतो. बुंदाला मात्र मी सहजासहजी सोडणार नाही. खाऱ्या पाण्याच्या त्या खाजणांत किनाऱ्यावरचे स्थलांतरित पक्षी मोठ्या संख्येने उतरतात, आणि समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते एरवी क्वचितच दिसतात.

आणखी एक. प्रत्येक पौर्णिमेला तेथे पोया दिनाची सुट्टी असते. त्या दिवशी आणि शनिवार-रविवारी हॉर्टन प्लेन्सला मोठी गर्दी होते. तिकिटे काढण्यापूर्वी पंचांग पाहून घ्यावे.

सक्करदरा_दुर्बीण
साहित्याविषयी थोडे. आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठे दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची), पाण्यापासून संरक्षित दुर्बीण न्यावी. दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण उघड्या तलावावर चांगली, परंतु अरण्यातल्या अंधुक उजेडात आठपटीची दुर्बीण डोळ्याला अधिक प्रकाश देते आणि तिचे दृश्यक्षेत्रही मोठे असते. वातानुकूलित खोलीतून थेट दमट हवेत काढल्यास भिंगांवर वाफ धरते, म्हणून निघण्याच्या बऱ्याच आधी ती बाहेर ठेवावी. रात्री पिशवीत सिलिका जेल असू द्यावे.

सिंहराजात जळवा भरपूर असतात. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे जळूमोजे पायजम्यावरून चढवावेत. श्रीलंका २०१६ मध्ये मलेरियामुक्त घोषित झाली असली तरी डेंग्यू आहे, तेव्हा डास दिवसाही टाळावेत.

एक कळकळीची विनंती आहे. पक्ष्याला बाहेर काढण्यासाठी त्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नये आणि वाटाड्याने तशी तयारी दाखवली तरी त्याला नम्रपणे थांबवावे. ज्या वाटांवरून रोज पर्यटक जातात, तेथे त्याच पक्ष्याला पुन्हा पुन्हा आपल्या हद्दीच्या रक्षणासाठी चरणे सोडून यावे लागते.

धंतोलीकर
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमचा आराखडा आता असा झाला आहे : कितुलगला एक रात्र, नुवारा एलिया तीन, बुंदालासाठी तिस्सामहारामा येथे दोन आणि शेवटी सिंहराजा चार. चेन्नईमार्गे कोलंबोला जाऊ. पौर्णिमेची तारीख पाहूनच तिकिटे काढू. सिंहराजात कुडावा आणि देनियाया अशी दोन्हीकडून प्रवेशद्वारे आहेत. आम्ही तिस्सामहारामाहून येणार असल्याने देनियाया जवळ पडेल. तेथील बाजूने चारही दिवस घालवावेत, की मध्ये एकदा बाजू बदलून कुडावाला यावे?

रानवाटा
पहिले दोन दिवस देनियाया आणि नंतरचे दोन कुडावा असे करावे. जंगलाला वळसा घालून जाण्यात एक दुपार जाते, परंतु दुपारी पक्षी तसेही शांत असतात. थव्यांचा दीर्घकाळ अभ्यास कुडावा बाजूलाच झाला असल्याने तेथील मार्गदर्शकांना त्यांच्या सवयी चांगल्या ठाऊक आहेत, आणि परतीसाठी कोलंबोही त्या बाजूने सोयीचे पडते.