मदत हवी आहे: ऑफिसात पूरग्रस्तांसाठी जमवलेल्या पैशांच्या 80जी पावत्या कशा मिळतील?

अंधेरी_पूर्व (29 सप्टेंबर 2025, रात्री 9.40)
मराठवाड्यातल्या पुरासाठी ऑफिसात वर्गणी काढली. आता सगळे 80जीची, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळण्यासाठीची पावती मागताहेत आणि ज्या संस्थेला पैसे द्यायचेत ती म्हणते एकच पावती मिळेल. 97 जणांच्या वेगवेगळ्या पावत्या कशा काढायच्या? उद्या 11 वाजता एचआरसोबत मीटिंग आहे, गुरुवारी दसऱ्याची सुट्टी. प्लीज नेमकं सांगा.

ताळेबंद (9.52)
पैसे कोणाच्या खात्यात आहेत? रोख किती? संस्थेला 80जी आहे का? एवढं कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

मुलुंडकर (9.58)
एवढा खटाटोप कशाला? मुख्यमंत्री सहाय्यता निधीत भरा. तिथे 100 टक्के वजावट. संस्थेला दिलं तर बहुतेक वेळा 50 टक्केच, तीही उत्पन्नाच्या 10 टक्क्यांच्या मर्यादेत.

अंधेरी_पूर्व (10.04)
माझ्या खात्यात. माझाच क्यूआर ग्रुपवर टाकला होता, दुसरा कोणाचा टाकणार? यूपीआयने 1,86,400 आणि पाकिटात रोख 14,500. संस्थेला 80जी आहे. जेवढे जमतील तेवढेच कंपनीही घालणार आहे.

रवा_लाडू (10.09)
पैशांपेक्षा वस्तू पाठवा. भूम-परांड्याकडे घरातलं धान्य भिजलंय. घरटी 5 किलो तांदूळ, 2 किलो तूरडाळ, 1 लिटर तेलाचं पाऊच, मीठ, 2 चादरी, आणि काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. पीठ देऊ नका, ओलाव्याने त्याचे गोळे होतात. जुने कपडे तर अजिबात नको, तिथे ते निवडत बसायला माणसं नसतात.

ताळेबंद (10.21)
वस्तूंवर 80जी मिळत नाही, आणि प्रश्न पावत्यांचा आहे.

अंधेरी_पूर्व, संस्थेचं बरोबर आहे. ज्याच्या खात्यातून पैसे येतात तो देणगीदार. संस्था वर्षअखेरीनंतर 31 मेपर्यंत फॉर्म 10बीडी भरते, त्यात प्रत्येक देणगीदाराचं नाव, पॅन आणि रक्कम जाते. त्यावरून 10बीई प्रमाणपत्र निघतं. वजावट त्या प्रमाणपत्रावर मिळते, संस्थेच्या लेटरहेडवरच्या पावतीवर नाही. तुम्ही एकरकमी पाठवलेत तर सगळी रक्कम तुमच्या पॅनवर दिसेल.

पण 97 पावत्या लागणारच नाहीत. नव्या करप्रणालीत 80जी नाही, आणि यंदा पगारदारांना 12.75 लाखांपर्यंत कर नसल्याने बहुतेक लोक नव्यातच असतील. ग्रुपवर एकच प्रश्न टाका: "रिटर्न जुन्या करप्रणालीने भरणार का?" कंपनीला काय कळवलंय ते विचारू नका, रिटर्न भरताना पगारदाराला बदलता येतं. जे हो म्हणतील त्यांचेच पैसे परत करा. ते संस्थेच्या खात्यात पॅनसकट स्वतः भरतील.

विश्वस्त_दादर (10.34)
परत करताना बँक स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवून घ्या. यूपीआयच्या ओळीत 12 आकडी संदर्भ क्रमांक असतो आणि नाव बरेचदा अर्धवट तुटलेलं असतं. अंदाजाने नाव लावू नका, समोरच्याकडून तो क्रमांक मागून जुळवा. काहींनी नवऱ्याच्या किंवा बायकोच्या खात्यातून दिलेले असतात, त्यांची पावती त्या खातेदाराच्या पॅनवरच निघेल. हे आधी सांगितलं नाही तर जूनमध्ये भांडणं होतात.

रोख तुमच्या खात्यात भरू नका. यादीसकट थेट संस्थेच्या कार्यालयात द्या. कोणी एकट्याने 2,000 च्या वर रोख दिली असेल तर तिच्यावर 80जी नाही.

मुलुंडकर (10.41)
म्हणूनच म्हणतो, सहाय्यता निधी. ऑनलाइन भरा, पावती लगेच.

विश्वस्त_दादर (10.47)
कर्मचाऱ्यांसाठी बरोबर आहे, पण इथे कंपनीही पैसे घालतेय. मुख्यमंत्री निधीला दिलेली रक्कम सीएसआर खर्चात (कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर करायच्या खर्चात) धरली जात नाही, हे कंपनी मंत्रालयाने 2020 मध्येच स्पष्ट केलंय. संस्थेला दिली आणि तिच्याकडे सीएसआर-1 नोंदणी (सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची) असेल तर धरली जाते, कारण आपत्ती निवारण कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात, म्हणजे सीएसआरच्या कामांच्या यादीत आहे. कंपनीचा भाग कंपनीच्या खात्यातून थेट जाऊ दे. कर्मचाऱ्यांची वर्गणी सीएसआर म्हणून दाखवता येत नाही, हे एचआरला उद्याच सांगा.

मुलुंडकर (10.50)
सीएसआरमधूनच देणार असं कोणी म्हटलंय? आधी विचारा तरी.

अंधेरी_पूर्व (11.26)
सीएसआरमधूनच देणार आहेत. ग्रुपवर विचारलं, 97 पैकी 11 जण जुन्या प्रणालीतले निघाले, त्यांचे मिळून 38,500. ते परत करते. उरलेले 1,47,900 यूपीआयने जाईनात.

ताळेबंद (11.33)
यूपीआयची दिवसाची मर्यादा साधारण 1 लाख असते. एनईएफटी करा. संस्थेचं खातं आत्ताच जोडा, बऱ्याच बँका नव्या खात्याला पहिले 24 तास मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. सोबत 86 जणांची नावं, पत्ते आणि रकमांची यादी ईमेल करा, म्हणजे संस्थेकडे ते निनावी दान ठरणार नाही. संस्थेची पावती तुमच्या नावावर येईल. त्या रकमेवर तुम्ही वजावट घेऊ नका.

सही_रे (11.40)
पुढच्या महिन्यापासून पगारातून कापून घ्यायचं असेल तर एचआरला काय द्यावं लागतं?

विश्वस्त_दादर (11.48)
प्रत्येकाची लेखी संमती: रक्कम, संस्था, किती महिने, आणि थांबवायचं असेल तर कोणत्या तारखेपर्यंत कळवायचं. पगाराची यादी साधारण 20-22 तारखेला बंद होते, संमती त्याआधी हवी. ‘नको असेल तर कळवा’ असा ईमेल पाठवून कापू नका.

अंधेरी_पूर्व, पुढच्या वेळी आपला क्यूआर देऊच नका. संस्थेचा घ्या आणि सोबत तिचं अधिकारपत्र घ्या. नोंदणीकृत न्यास सोडून इतर कोणी धर्मादाय वर्गणी काढली तर धर्मादाय आयुक्तांना कळवावं लागतं. गणपती मंडळं सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41क खाली परवानगी काढतात ती यासाठीच.

आणि एक. एकूण जमा आणि बँकेचा संदर्भ क्रमांक ग्रुपवर जरूर टाका, पण नावापुढे रक्कम टाकू नका. हाउसकीपिंगच्या माणसाने 50 रुपये दिले असतील. ते त्याने मनापासून दिलेत, त्याचा आकडा मॅनेजरच्या आकड्याखाली लागायला नको.

अंधेरी_पूर्व (30 सप्टेंबर, सकाळी 8.15)
यादी टाकली होती. रकमांसकट. आत्ता काढली. 11 जणांचे पैसे परत गेले, दोघींचे संदर्भ क्रमांक जुळत नाहीत, ऑफिसात जाऊन बघते.