'चिरीमिरी' म्हटलं की लाच लहान होते का?

शब्दवेडी:
वडिलांच्या निवृत्तिवेतनाची फाईल अडली होती. टेबलापलीकडचा माणूस 'लाच' हा शब्द एकदाही बोलला नाही. "चहापाण्याचं तेवढं बघा," इतकंच. बाहेर आल्यावर वडीलही म्हणाले, "चिरीमिरी दिली, सुटलो एकदाचे." तेव्हापासून हे शब्द मला टोचतात. चहापाणी, वरकमाई, हात ओले करणं, फाईलवर वजन ठेवणं... गुन्हा दिसेनासा होतो यात. लाचेला लाचच म्हणावं.

बखरवाचक:
नाही पटलं. लाच हा काम करण्याचा किंवा अडवण्याचा मोबदला. अपहारात विश्वासाने सोपवलेला पैसा गिळला जातो, तिथे देणारा कोणी नसतोच. वशिल्यात पैसा नसेलही, पण लायक माणसाची जागा जाते. 'गैरव्यवहार' हा आरोप सिद्ध व्हायच्या आधीचा, बातमीतला सावध शब्द. या छटा पुसून काय मिळवणार? आणि चिरीमिरीत तुच्छता आहेच की. घेणाऱ्याची लायकीच निघते त्यात.

शब्दवेडी:
अपहार आणि लाच वेगळे ठेवा, त्यावर वाद नाही. माझा राग मुलाम्यावर आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही थेट गुन्हा झाला, पण बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवलं तर देणारा सुटतो. आता जो मनातल्या मनातही 'चहापाणी'च म्हणतो, तो कळवायला जाईल कशाला?

अनुस्वार:
थोडं वेगळं. 'भ्रष्ट'चा धातू भ्रंश्, म्हणजे घसरणं, खाली पडणं. पदभ्रष्ट, योगभ्रष्ट, अगदी अपभ्रंशसुद्धा त्यातलाच. पडलेला माणूस आधी वर होता, हे त्या शब्दात गृहीत आहे. मला तो म्हणूनच 'लबाड'पेक्षा जड वाटतो.
'व्यभिचार'चं उलट झालं. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, जे सिद्ध करायचं ते सोडून भटकणारं कारणही 'सव्यभिचार' असतं. आज तो शब्द फक्त स्त्री-पुरुष संबंधांपुरता उरला. 'अनैतिक'ही त्याच वाटेने गेला. 'अनैतिक संबंध' सर्रास ऐकू येतं, 'अनैतिक कमाई' क्वचितच. त्यातही बाई बदफैली आणि पुरुष नुसता रंगेल! ज्यांना दुबळ्यावर बोट ठेवायचं होतं त्यांनी जहाल शब्द तिथे खर्च केले, आणि पैसे खाणाऱ्याच्या वाट्याला चिरीमिरी आली.

बखरवाचक:
सात दिवसांचा मुद्दा मान्य. पण पेन्शनसाठी नाडलेला म्हातारा आणि कंत्राटासाठी पाकीट पोचवणारा, दोघांनाही 'लाच देणारा' म्हणायचं? मला ते क्रूर वाटतं.

शब्दवेडी:
मलाही. म्हणून क्रियापद बदलू. कंत्राटवाल्याने लाच चारली. माझ्या वडिलांकडून लाच उकळली.